रद्द केलेला आवाज

३ जून
पेपरचा मसुदा संपला एकदाचा. मुद्दा एवढाच: कान आधीचा, बोलणं मागाहूनचं. कानाला जे नीट पकडता येतं तेच, त्याच चालीने काढायला तोंड शिकलं असावं. सर म्हणाले, "उदाहरणं वाढव." वाढवते, दुसरं काय. रविवारी घरी आवाज घुमू नये म्हणून गाद्यांचं कपाट उघडून, त्यापुढे वडिलांना, अण्णांना बसवून शब्दांची यादी वाचून घेते, रेकॉर्ड करते, तशी अजून चार घरांत घ्यावी लागेल.

७ जून, रवि.
अण्णा यादी वाचायला बसलेच नाहीत. "तुला माझं वाचलेलं चालत नाही." मी ओरडले, "नाटकं पुरेत आता!" हल्ली त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. सकाळ फुकट.

९ जून
जुन्या फायली काढल्या. त्यांत अण्णांचा नंबर अ-४. दीड वर्षाच्या रेकॉर्डिंगवर माझाच शेरा: उच्चार अस्पष्ट, रद्द. स, श, च, सगळ्यांची लापशी, महिन्यागणिक जास्तच. मला वाटलं, कवळी सैल झाली असेल. तीस वर्षं कारखान्यात इंजिनांच्या चाचण्या घेतलेला माणूस, कान त्या आवाजानेच गेले. स्वतःचा स त्याला ऐकू येईना, म्हणून तोंड ढिलं पडलं. हे मला कळू नये? मला?? ज्यावर माझं पोट चालतं ते घरातच घडत होतं, आणि मी रद्द, रद्द मारत बसले. शी!

१२ जून
के. आर. पुरमच्या दवाखान्यात अण्णांचे कान तपासून आणले. तिथली कानडी बाई: "तुंबा लेट, फारच उशीर केलात, मॅडम. डावा गेलाच. उजव्याला मशीन लावून बघू, स्वल्प टाइम लागेल." येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "दिवाळीत सांगितलं होतं तुला, ऐकू येत नाही म्हणून." हो, सांगितलं होतं. आणि मी म्हणाले होते, तुमचं लक्षच नसतं. हे कुठल्या पेपरात घालू?

सरांचा मेसेज: मसुदा उत्तम. खड्ड्यात जाऊ दे तो मसुदा.

१९ जून
मशीन आठ दिवस ट्रायलवर. सकाळी लावलं. मी नेहमीसारखी, "अण्णा, चहा!" केवढे दचकले. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच, "तुझा आवाज असा कधी झाला गं?"

मी कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं, चहा प्यायले, पेपर उघडला. उद्या लावणार का, कळत नाही. विचारायचं तर पुन्हा ओरडूनच विचारावं लागेल.