गोऱ्हा उचलण्याची माझी सिस्टिम

नौपाडा, कार्तिक वद्य ५, शके १८०९.
आमच्या वडिलांनी, नानांनी, आज जाहीर केले की त्यांचे गुडघे गेले. म्हणजे चैत्री पुनवेला गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा यंदा माझा. आमच्या घराचा पिढीजात मान! मला पेलला नाही तर तो चुलतभाऊ महिपतच्या घरी जाणार, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. नानांनी माझ्या दंडाकडे पाहून सुस्कारा सोडला. कचेरीत लेखणी चालवायला काय कमी ताकद लागते? तरी व्यायाम धरायचा. साधा, सोपा, जन्मभर पुरेल असा. निवड घाईने करणार नाही.

कार्तिक वद्य ९.
वस्ताद काळुरामच्या तालमीत चौकशी केली. म्हणाला, रावसाहेब, रोज जोर काढा, बैठका मारा, बास. मी विचारले, यामागे सायन्स काय? म्हणाला, घाम. अडाणी माणूस. शिवाय तांबड्या मातीत धोतराचे मातेरे होते. बाद.

मार्गशीर्ष शुद्ध २. सकाळी ६ (ठरविलेली वेळ). प्रत्यक्षात ९.
मुद्गल आणले. फिरविले. एक हातात राहिला, दुसरा शेजारच्या रंगूबाईंच्या वाळवणात. बाई काय काय बोलल्या ते लिहीत नाही, कागद चांगला आहे. पापड काय, फुटतातच. मुद्गलही बाद.

मार्गशीर्ष शुद्ध ७.
सापडली! पहाटे आमची गाय व्याली. गोऱ्हा झाला. त्याला पाहताच सिस्टिम सुचली. रोज सकाळी गोऱ्ह्याला एकदा उचलायचे. बास. तो रोज चिमूटभर वाढणार, माझी ताकदही चिमूटभर वाढणार. चैत्रात अर्धा बैल उचलीन, मग पालखी किस झाड की पत्ती! आज उचलला. त्याने माझा कान चाटला. कुटुंब म्हणाले, त्याचा पुरा बैल झाल्यावर काय कराल? मी म्हटले, तेव्हा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझे नाव होईल. बायकांना दूरदृष्टी म्हणून नसतेच.

मार्गशीर्ष शुद्ध ११.
एकादशी. उपाशी पोटी वजन उचलू नये. काल-परवा कचेरीत काम होते. सिस्टिममध्ये विश्रांतीलाही महत्त्व आहे.

पौष वद्य ३.
गोऱ्ह्याला सर्दी. सिस्टिम दोघांची आहे. एक आजारी असताना दुसऱ्याने व्यायाम करणे माणुसकीला धरून नाही.

माघ शुद्ध ४.
गोऱ्हा ठरल्याप्रमाणे वागत नाही. चिमूटभर वाढायचे सोडून पसापसा वाढतो. त्याचे दूध निम्मे करण्याचा हुकूम सोडला. उरलेले मी पितो. त्याचे वजन घटणार, माझे बळ वाढणार. हे आमच्या हेडक्लार्कला सात जन्मांत सुचले नसते.

फाल्गुन शुद्ध १०.
बाराबंदीचे बंद जुळेनात. छाती वाढली. कुटुंब म्हणाले, छाती इतकी खाली नसते. दुर्लक्ष केले. गोऱ्हा मात्र निम्म्या दुधावरही टुणटुणीत. मी दिसलो की ढुशी मारतो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात.

फाल्गुन वद्य ६.
महिपत मुद्दाम बघायला आला. गालातल्या गालात हसत होता मेला. म्हणाला, दादा, झेपत नसेल तर आत्ताच सांग, घरातली गोष्ट घरात राहील. अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथे गोऱ्हा उचलून दाखविला. मागचे पाय त्याने जमिनीवरच ठेवले, ती त्याची मर्जी. पाठीत चमक भरली आहे. उद्या लीव्ह.

चैत्र शुद्ध १४, शके १८१०.
उद्या पुनव. गेला महिनाभर ताकद साठविली, कणभर खर्चली नाही. नानांनी त्यांचे पालखीचे पागोटे स्वतः माझ्या डोक्यावर बांधून पाहिले. म्हणाले, माझ्या बापाने मला असेच बांधले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मलाही भरून आले. भीती मुळीच वाटत नाही. जेवण मात्र गेले नाही.

चैत्र शुद्ध १५.
तिघांनी आपापले कोपरे उचलले. माझा जागचा हलेना. पुन्हा जोर केला. समोर नाना उभे. तोंडातून निघून गेले, देवी जड झाली!

झाले. पालखी जड झाली म्हणजे देवी कोपली, आणि ज्याने त्याने आपली चूक कबूल केल्याशिवाय ती उठायची नाही, ही आमच्या गावची रीत. धोंडीबा गुरवाने घंटा बडविली. गाव हात जोडून उभे. दूधवाला दगडू म्हणाला, पाणी घालतो, माय. दौलतने शेजाऱ्याचा बांध सरकविल्याचे सांगितले. वस्ताद रडत म्हणाला, कल्याणची कुस्ती ठरवून हरलो. शेवटी धोंडीबाच थोबाडीत मारून घेत म्हणाला, वाहिलेले नारळ मी परत दुकानात विकतो. माझ्यामुळे गाव शुद्ध होते आहे हे पाहून मला धन्य वाटले.

तरी पालखी उठेना. मग बायकांची पाळी. पहिले आमचेच कुटुंब पुढे. पदर सावरून म्हणाले, ह्यांना चोरून गोऱ्ह्याला दूध पाजत होते, एवढी माझी चूक, आई. पण तू काही कोपलेली नाहीस. ह्यांनी चार महिन्यांत गोऱ्हा दोनदाच उचललाय, त्यातही एकदा अर्धा.

मग महिपतने माझ्या जागी खांदा दिला. पालखी उठली.

चैत्र वद्य २.
अंथरुणात. पाठ धरली आहे. दौलतचा शेजारी कुऱ्हाड घेऊन बांधावर बसला आहे. दगडूच्या दारात बायका रिकामे लोटे आपटताहेत. धोंडीबाकडून नारळ कोणी घेत नाही. आणि हे सगळे मिळून शिव्या मला घालतात! पापे त्यांची, ओरडलो मी, एवढाच काय तो माझा संबंध. वस्ताद तर दारात उभा राहून माझ्या सात पिढ्या उद्धरून गेला. पुढच्या खेपेस गोऱ्ह्याऐवजी शेळीचे करडू घ्यावे असे वाटते. ते बेताने वाढते.

नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आज संध्याकाळी उशाशी येऊन बसले, पाठ शेकू लागले. मी म्हटले, नाना, खरेच जड होती हो. त्यांनी फडके पुन्हा गरम करून पाठीला लावले. मग म्हणाले, देवी कोपली असती तरी चाललं असतं रे.