उजव्या पायाचा खुलासा

घोडेगाव,
९ डिसेंबर १९९८

तीर्थरूप सोपानमामांच्या पायांवर भरतचं डोकं. (प्रत्यक्षात सध्या एवढं वाकता येत नाही, तरी झालं असं समजावं.) मामींची कंबर आता बरी असेल. इकडे आई-अण्णा खुशाल आहेत, धाकटी अंजनाही शाळेत जाते. राहता राहिला माझा उजवा पाय.

वर्गातल्या आरतीची हजेरी लावली नाही म्हणून मी सरांशी भांडलो आणि कॉलेज सोडलं, हे आपणांस ठाऊक आहेच. (ती नंतर पास झाली.) पुढं दिवाळीआधी कळलं, की तिला चाकणच्या कंपनीतलं स्थळ आलंय. त्या वेळी मी विहिरीवर होतो. शेजारी बॅरल होतं. रिकामं समजून लाथ घातली, ते काठोकाठ भरलेलं निघालं. मग ऑपरेशन, आत तार, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढल्यावर पाय पाहिला तर अंगठा आभाळाकडं आणि पंजा ओतूरच्या दिशेला. डॉक्टरांनी विचारलं, चालता येतंय ना? येतंय म्हटलं, फक्त कुठं जायचं ते पाय ठरवतो. त्यावर ते म्हणाले, याहून सरळ होईलसं वाटत नाही.

तशा पायानं परवा आरतीच्या घरी गेलो. तिचे वडील गेणभाऊ बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालायला लावतात, असं मी ऐकून होतो. गेणभाऊंनी मला चालवलं. अंगणातून गोठ्यापर्यंत एकदा, परत एकदा, मग थोडं चढावर. मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं. कपाळावर आठी नव्हती, त्यामुळं मला आशा वाटली. पाय कशानं मोडला विचारल्यावर, बैलानं तुडवला असं सांगितलं. (त्यांच्या धंद्यातलं कारण असलं की माया येईल, असा माझा हिशेब.) ते खाली बसले, अंगठा दाबून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “बैल वरनं चेपतो, पावणं. ही बोटं फुडनं आत गेल्यात. लंगडं जनावर मी सांभाळीन, पण लाथाडं दावणीला बांधायचो न्हाई.”

आरती दारात चहा घेऊन उभी होती. तिनं तो तसाच आत नेला.

चाकणवाल्यांना संक्रांतीला होकार कळवायचा आहे. माझी काही तक्रार नाही. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
भरत

ता. क. गेणभाऊ तुमच्या शब्दावर न बघता बैल घेतात. मी स्वभावानं गरीब आहे, एवढं त्यांना सांगाल का? तुम्हाला खोटं बोलायला लावणार नाही. सोमवारी कळंबला तुमच्याकडं येऊन आठ दिवस राहतो. आठ दिवसांत एकदाही चिडलो नाही, तरच जा.

ता. क. २. पेन्सिलीनं लिहिल्याबद्दल माफी. पेन अडखळत होतं, म्हणून आधीची दोन पत्रं फाडली. पेन सध्या घराच्या पत्र्यावर आहे. आठ दिवस सोमवारपासूनच मोजावेत.