ढब्बू उपाशी नव्हता

दादा,

ढब्बूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलेय. सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी केलेला मनुका घातलेला केक त्याने खाल्लाय. मनुका म्हणजे कुत्र्याला विषच. फोनवर डॉक्टर म्हणाले, वाट बघत बसू नका, आत्ताच्या आत्ता आणा.

केक बाबांनी भरवला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेवढ्यात, एकदा नाही, तीनदा. विचारलं की दर वेळी म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहे बिचारा." फ्रिजवर 'ढब्बूला आपलं खाणं देऊ नका' असा कागद मी लावलाय ना, तो त्यांनीच मला चष्मा लावून वाचून दाखवला आणि पुन्हा सुरी उचलली.

त्यांच्यावर ओरडू नकोस. त्यांना वाटतंय ढब्बू फिरायला गेलाय, तसंच वाटू दे. उरलेला केक कपाटात कुलूपबंद आहे, किल्ली माझ्याकडे. आणि "वय झालं की होतंच" हे मला आज ऐकवू नकोस. मी आले की आपण बोलणार आहोत, पाहुणे असोत नसोत.

बाबांना जेवलात का म्हणून विचारू नकोस. "झालं माझं" म्हणतील. कालही म्हणाले होते, आणि पातेलं भरलेलं तसंच होतं. तू सरळ ताट वाढ आणि समोर बस.

चिमी