जाळीचे चार कोपरे

रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, आणि पोरींना हल्ली जे काय पाठवतात ते. इथे सगळं ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला असं लिहितात म्हणून लिहिलं. त्यावर फार विसंबू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारच्या खोलीत असतात, आणि त्यांचे कान हल्ली भिंतीपलीकडचंही ऐकतात. का, ते पुढे येईलच.

आधी बातम्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तक्रार केली की आमच्या घरात मधमाश्यांचं पोळं आहे, भिंतीतून गुणगुण ऐकू येते. सोसायटीनं खरंच औषध मारणारा माणूस पाठवला. त्यानं पिचकारी घेऊन सगळं घर धुंडाळलं आणि शेवटी दिवाणखान्यात, जिथून गुणगुण येत होती त्या आपल्या तीनडोळ्या प्रोजेक्टरपुढे येऊन थबकला. मी म्हटलं, मार बाबा, यालाच मार. आई असती तर तिनं स्वतः पिचकारी हातात घेतली असती.

तीनडोळ्या आहे तिथेच आहे. बंद पडलेल्या सभागृहातून बाबांनी तो उचलून आणला तेव्हा तू कॉलेजात होतीस. लाल, हिरवी, निळी अशा तीन नळ्या, प्रत्येकीच्या मागे एक सर्किट बोर्ड, आणि पडद्यावर तिघींची चित्रं एकमेकींवर नेमकी बसवण्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर असतो ते सिनेमा बघतात. आपण जाळी पाहिली. काळ्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघा, रंग नीट बसलेत का हे तपासण्याच्या. तुझ्या मैत्रिणी सिनेमा बघायला म्हणून नटूनथटून आल्या होत्या, आठवतं? बाबांनी त्यांना जाळी लावून दिली आणि वर विचारलं, आवडली का.

गेली काही वर्षं बाबांची एकच तक्रार होती: कोपरे अंधारतात. मधे चित्र लख्ख, कडेला धूसर. दोष अर्थातच बोर्डाचा. म्हणून बोर्ड सुधारायचे. जुने कपॅसिटर उपसून नवे बसवायचे आणि मग तुलना करायची. मी मशीन बंद करतो, आत साठलेली वीज उतरवतो, मूळ बोर्ड काढून सुधारलेला घालतो, पुन्हा जाळी लावतो. बाबा खुर्चीत बसून निकाल देतात. आजवर प्रत्येक नवा बोर्ड आधी पहिल्या वर्गात पास झाला आणि थोड्या दिवसांत नापास. मीही मान डोलवायचो. बापाला खूश ठेवायला नव्हे. मलाही कोपरे अंधारलेलेच दिसायचे.

मागच्या खेपेला आम्ही तुला पंच म्हणून बसवलं होतं. दोन्ही बोर्ड बघून तू म्हणालीस, ‘मला तर सगळं सारखंच दिसतं.’ केवढे हसलो आम्ही. बाबा म्हणाले, हिला कापूस आणि चुनाही सारखाच दिसत असेल. मी म्हटलं, ते हिनं नवरा पसंत केला तेव्हाच कळलं होतं. (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.)

तू विचारलं होतंस, व्हिडिओ कॉलवर बाबा सारखं छतच का दाखवतात. मी तेव्हा लिहिलं की म्हातारपणी फोन धरता येत नाही. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

मागच्या आठवड्यात एका दुपारी मी लवकर घरी आलो. जाळी लावलेली होती, उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला, आणि बाबा पडद्याला जवळजवळ नाक लावून उभे. लहानपणी एखादं चित्र न हलता जरा जास्त वेळ राहिलं की आपल्या पाठीत धपाटा बसायचा, कारण ते नळीवर कायमचं भाजून उमटतं. मी जाळी काढून कोरा पांढरा पडदा लावला. तरी रेघा तिथेच. तिन्ही नळ्या वाया गेल्या होत्या. मी वळून बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, हिरव्याचा नवा बोर्ड तयार आहे, चल, तुलना करून टाकू.

पडदा त्यांच्या समोर होता, ताई. हातभर अंतरावर.

मी बोर्ड बदलला. एक कनेक्टर लावायचा राहिला, त्यामुळे हिरवी नळी पेटलीच नाही. उरली लाल आणि निळी. सगळी खोली लग्नाच्या मांडवासारखी गुलाबी झाली. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘हिरवा बघ कसा बसलाय. पहिल्यांदाच कोपऱ्यापर्यंत गेला.’

मी विचारलं, नक्की?

‘आता तुझ्या ताईलासुद्धा दिसेल,’ ते म्हणाले.

त्यांची बोटं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. टोकं चटक्यांनी भरलेली. बोर्डावरची जागा ते बोटानं चाचपून धरत होते आणि त्याच बोटाशेजारी सोल्डर करत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ घेतला नाही. काचबिंदू. तो कडेकडून खात येतो, मधलं शेवटी. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कोणी जात नाही. वेळेवर आले असते तर रोजच्या थेंबांवर थांबला असता, म्हणाल्या. आता उजेड आणि अंधार, एवढाच फरक बाबांना कळतो. परतताना गाडीत ते एकदाच म्हणाले, मला बोर्डाचाच दोष वाटला रे. शेवटी शेवटी वाटेना, पण तोवर सवय झाली होती.

इथपर्यंत लिहून चहा करून आलो. दाराची चौकट खांद्याला लागली. कप वाचला.

आता राहिलेलं लिहितो. घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे तीनडोळ्याशेजारच्या स्टुलाला ठेचकाळलो आणि नेहमीप्रमाणे करवादलो, की हे इथे कोण आणून ठेवतं. बाबांनी मान वळवली. म्हणाले, ‘स्टूल तिथंच असतं. मी ते कधीच हलवलेलं नाही. तू रोज आपटतोस त्याच्यावर.’ मग म्हणाले, ‘माझंही तसंच सुरू झालं होतं.’

कनेक्टर लावायचा राहिला असं वर लिहिलंय. तो राहिला नव्हता. मला तो दिसला नव्हता. माझ्या डाव्या हाताशी लोंबत होता, आणि डावीकडे मला आता बरंच काही नसतं. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा एकटा गेलो. डावा निम्म्याहून जास्त गेलाय, उजव्यानं निघायची तयारी केलीय. थेंब सुरू केलेत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

म्हणजे बघ, इतकी वर्षं आम्ही दोघं एका धडधाकट यंत्राची दुरुस्ती करत होतो. कोपरे कधी अंधारलेच नव्हते. एकाला दिसायचं नाही आणि दुसरा साक्षीला, तोही तसलाच. घरात खरं बोलणारी एकच होती, आणि तिची आम्ही चेष्टा केली.

तीनडोळ्याचं मागचं झाकण मी स्क्रू आवळून बंद केलंय. आत हजारो व्होल्ट, आणि बाबा चाचपून काम करणार. त्यांनी पेचकस मागितला. मी नाही म्हटलं. त्यांनी तो पुन्हा मागितला नाही, हे जास्त लागलं. पण मशीन सुरू ठेवतो. जळायचं ते जळून गेलंय. जाळी लावून दिली की ते समोर बसतात आणि गुणगुण ऐकतात. मास्तरांना सांगितलं, पोळं आता राहणार.

हे रक्तातून येतं, ताई. पोरींना घेऊन डॉक्टरकडे जा. मला काही होत नाहीये, असं म्हणू नकोस. आम्हा दोघांनाही काही होत नव्हतं.

तपासणी झाली की फोन कर. मी तो मोठ्या आवाजावर लावून बाबांशेजारी ठेवीन. कशी आहेस, जेवलात का, काही नको. तुझं तेवढं जुनं वाक्य म्हण: मला तर सगळं सारखंच दिसतं. या वेळी कोणी हसणार नाही.

आणि तसं नसेल, तर फोन करू नकोस. त्यांना ऐकू जाईल. मला पत्र लिही. मोठ्या अक्षरांत.

स्टुलाला रोज ठेचकाळणारा,
तुझा धाकटा