चर्चच्या भिंतीवरची काठी

मी, सोजरबाई खंडू साळवे, वय ७४, वसतिगृहातली निवृत्त स्वयंपाकीण, राहणार दौंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. पाय दुखतात, डोकं ठिकाणावर आहे.

१. दोन खोल्यांचे घर मुलगा महेंद्र व सून अनिता यांना निम्मे-निम्मे.

२. मोठे पातेले चर्चला. नणंद झुंबरबाईने मागितले तरी देऊ नये. तिने नेलेली माझी परात अजून परत यायची आहे.

३. माझी काठी. १९९२ साली मांडीचे हाड मोडले. पुढे एका प्रार्थनासभेत मी काठी टाकून सात पावले चालले. चमत्कार म्हणून काठी चर्चच्या भिंतीवर लागली आणि दर ईस्टरला मी साक्ष देत राहिले. त्याआधी अकरा महिने शेजारची गौतमी मला रोज तेल लावून, काखेत धरून अंगणात चालवत होती. "पडलीस तर पड, मी हाय ना," म्हणायची. साक्षीत मी तिचे नाव कधीच घेतले नाही. ती बौद्ध, लोक काय म्हणतील! मला त्याची फार लाज वाटते.

आता अनिताला टीबी झाला आहे. महेंद्रने ती काठी आणून तिच्या उशाशी ठेवली आणि दीड महिना झाला, तिच्या गोळ्या बंद केल्या आहेत. म्हणतो, "आये, तुला बरं केलं त्येनं, हिलाबी करंल. गोळी घेतली म्हंजी इश्वास कमी पडला."

अरे बाबा, येशूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावून तळ्यावर धुवायला धाडले. त्याला चिखलाची लाज वाटली नाही, तुला गोळीची का वाटावी? शुभवर्तमान लिहिणारा योहान चमत्काराला चिन्ह म्हणतो. चिन्ह म्हणजे रस्त्यावरची पाटी. वरवंड गावाची पाटी दिसली म्हणून कोणी तिच्याखालीच पथारी टाकत नाही. देव गौतमीच्या हातांत होता, हे मी आजही मानते. चमत्कार झालाच, मी त्याचा पत्ता चुकीचा सांगितला.

४. म्हणून हे मृत्युपत्र मी मरायची वाट न बघता येत्या रविवारी पाळकांनी चर्चमध्ये मोठ्याने वाचावे. काठी फोडून बंबात घालावी. त्या पाण्याने अंघोळ करून अनिताने त्याच दिवशी दवाखाना गाठावा. महेंद्रने तिच्या गोळ्या पुन्हा थांबवल्या, तर त्याचा हिस्साही अनिताचा.

५. माझ्या पाटल्या मी गौतमीला देणार होते आणि साक्षीदार म्हणून सहीही तिचीच घेणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. पाटल्या किंवा सही, एकच काय ते ठरवा. गौतमी म्हणाली, "पाटल्या अनिताला दे. मला सही करू दे. काठी भिंतीवर लागली तवा मला कुणी इचारलंच न्हाई."

दौंड, ७ नोव्हेंबर २०२५
सही: सोजरबाई खंडू साळवे

साक्षीदार:
१. पोपटराव शेलार, निवृत्त पोस्टमन. सही माझ्यासमोर झाली.
२. गौतमी भालेराव, शेजारीण. समदं माझ्यासमोर झालं.