सॅम्पल फ्लॅटमधला मुक्काम

४ फेब्रुवारी

पलंग आखूड आहे! इतक्या गिऱ्हाइकांना हा पलंग दाखवला, पण त्यावर आडवी कधी झाले नव्हते. सुताराकडून मुद्दाम असे करून घेतात — खोली मोठी दिसते. आईचे पाय घोट्यापासून बाहेर. म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ऐकलं होतं. इथे पाय कापूनच घ्यावे लागतील!" आणि हसत सुटली. मला हसू येईना.

घरमालकाने खोली रिकामी करून घेतली. माझ्या पगारात बसेल अशी दुसरी खोली या भागात उरलेलीच नाही. आमचं स्वतःचं घर याच साईटवर होणार आहे — तिसऱ्या इमारतीत, लहान घरांच्या. तिचा अजून पायाच भरतोय. तोवर जायचं कुठे? लहान घराच्या सॅम्पल फ्लॅटची किल्ली माझ्याकडेच असते. घुसलो!

कळलं तर नोकरी जाईल. आणि नोकरीमुळे सवलतीत मिळालेलं घरही जाईल.

७ फेब्रुवारी

आतली दारं नाहीत. जागा ऐसपैस वाटावी म्हणून सॅम्पल फ्लॅटला ती लावतच नाहीत. बाथरूमला मी चादर टांगते. टीव्ही पुठ्ठ्याचा, नळ चकचकीत पण कोरडे. उजाडायच्या आत खालून बादली भरून आणायची, आणि ऑफिस उघडायच्या आधी अंथरूण, कपडे, आईच्या गोळ्या — सगळं सोफ्याच्या पोटात. रोज काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. आज चार वेळा जिना चढून बघून आले. काही राहिलेलं नव्हतं.

आई दिवसभर सरकारी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसते. म्हाताऱ्या बाईला तिथे कोणी विचारत नाही, का बसलात म्हणून. आज कुणाच्या तरी सुनेचं सगळं पुराण ऐकून आली. खुशीत होती. मला मात्र रडू आलं. घर असून — म्हणजे कागदावर असून — आईला दवाखान्यात ठेवतेय.

१० फेब्रुवारी

वॉचमन म्हणाला, "ताई, वरच्या बाल्कनीतली झाडं प्लास्टिकची ना? मग खाली पाणी कसं पडतं?"

"एसीचं असेल," म्हणाले. एसीसुद्धा खोटाच आहे!

आईला विचारलं. तिने झाडं धुतली होती. "प्लास्टिकची असली म्हणून काय झालं? धूळ तर खरी आहे ना!" खूप चिडले तिच्यावर. मग तिने फडक्याची घडी करून ते सोफ्याच्या पोटात ठेवून दिलं, ते जास्त लागलं.

११ फेब्रुवारी

वॉचमन आज माझ्याकडे बघून हसला. का हसला?

१४ फेब्रुवारी

व्हायला नको तेच होतंय. विक्रीच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. हा माणूस म्हणजे चालतं कुलूप. कितीही लवकर जा, आधी हजर. भांग पाडलेला, चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, "कंपनीच्या मालकांच्या मनात तिसरी इमारत बदलायची आहे. दोन-दोन लहान घरं जोडून एकेक मोठं."

पण परवानगी मिळाली तीच मुळी मोठ्या घरांबरोबर लहानही बांधू या अटीवर! मी म्हटलंसुद्धा तसं. साहेब म्हणाले, "लहान घरं गावाबाहेर दुसऱ्या जागी बांधून देऊ, असं वकील म्हणतायत. अजून ठरलं नाही."

गावाबाहेर! मोठी घरं घेणाऱ्यांच्या घरी कामाला येणाऱ्यांनी दोन बस बदलून यायचं, असंच ना? आणि मी? मोठ्या घरांच्या किल्ल्या सांभाळायच्या आणि उतरायचं शेवटच्या थांब्यावर.

सगळे गेल्यावर विचारलं, "आमच्या बुकिंगचं काय?" समोरच्या फायलीत बघत म्हणाले, "बघू." मालकांचा माणूस तो, आणखी काय बोलणार!

१७ फेब्रुवारी

संपलं बहुतेक. आईला ताप होता म्हणून तिला इथेच ठेवलं. आज लहान घर बघायला कोणी येणार नव्हतं. आणि संध्याकाळी साहेब नेमके एका जोडप्याला घेऊन निघाले. मला म्हणाले, "किल्ली आणा."

आई पलंगावर. मी तोंड उघडायच्या आत उठून बसली. म्हणाली, "या, या. मीसुद्धा घरच बघायला आलेय. जरा टेकले."

त्या मुलीने विचारलं, "कसं वाटलं, आजी?"

"पलंग फसवा आहे. दारं लागली की खोली एवढीशीच राहील. पण सकाळचं ऊन पार इथपर्यंत येतं हो! त्याला तोड नाही."

सकाळचं ऊन! बाहेर दिवे लागत होते. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे.

जोडप्याला घर आवडलं. लगेच बुकिंग करतो म्हणाले. साहेबांनी घेतलं नाही! "आठवडाभर थांबा," एवढंच. आलेलं गिऱ्हाईक हा माणूस कधी सोडत नाही. आज सोडलं.

१८ फेब्रुवारी

बोलावणं नाही. दिवसभर दाराकडे कान. एकदाचं हाकललं असतं तर बरं झालं असतं. आई म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू जेव आधी." हिला घेऊन कुठे जाऊ?

१९ फेब्रुवारी

पहाटे बादली घेऊन खाली गेले. नळाशी साहेब! अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. शेजारी बादली.

मी बादली पाठीमागे घेतली. तेच हळू आवाजात म्हणाले, "तिसरी इमारत गेली. काल रात्री सही झाली. माझंही घर त्यातच होतं."

"आणि तुम्ही इथे...?"

"तुमच्या वरच्या मजल्यावर. तीन बेडरूमचा सॅम्पल." त्यांनी आपली बादली बाजूला घेतली. "आधी तुम्ही भरा. आई उठल्या असतील."