तुम्ही बुजवलेली भोकं

बाबा, गेल्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता मला कळलं की तुम्ही माझी फसवणूक केलीत. दिवस आणि वेळ मुद्दाम लिहिते आहे. तक्रार करायची तर नीट करावी, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं, आणि तिथली फी तुम्हीच भरलीत.

तुमची ती गोल पाठीची गाडी, मागे इंजिन असलेली, पाण्याऐवजी नुसत्या हवेवर थंड होणारी. बाळापूरहून खेड्यापाड्यांत पेशंट बघायला तीच न्यायचात आणि उन्हाळ्यात ती तापायची. तो उन्हाळा आठवा: मी दहावीच्या सुट्टीत बोर्डिंगातून घरी आले आहे. तुम्ही अंगणात बसून, पेट्या बनवणाऱ्याकडून आणलेल्या ड्रिलनं इंजिनाभोवतीच्या पत्र्याला भोकं पाडताय. इंजिन गुदमरून राहिलंय म्हणता, त्याला श्वास घेऊ दे. मी सांगते की तो पत्रा म्हणजे भिंत आहे. पंखा वरची गार हवा ओढतो, ती इंजिनावरून तापून खाली निघून जाते. भिंतीला भोकं पडली की तीच गरम हवा वर येणार आणि पंखा पुन्हा तीच ओढणार. तुम्ही ऐकत नाही. मग मी विचारते, "तापाच्या पेशंटला तोंडावर गोधडी घालून त्याचाच गरम श्वास परत घ्यायला लावता का?" स्वयंपाकघरात आई हसली. तेच तुम्हाला जास्त लागलं असावं. "काहून? बापाला डॉक्टरकी शिकवून राहिली का?" म्हणालात, आणि पुढचं भोक जरा मोठंच पाडलंत.

दिवाळीत आले तर गाडी गार चालत होती. औंढ्याला जाताना, वसमतच्या बाजारात, भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, "भोकं पाडली ना, तवापासून तकलीफ न्हाई." मी मागच्या सीटवरून ते ऐकत होते. पुढे मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. उष्णतेच्या धड्याला दरवर्षी ती भोकं आठवायची आणि खडू थांबायचा. माझं बरोबर होतं, तर गाडी तापत का नव्हती?

आता निवृत्त आहे. तुम्ही गेल्यापासून शेडमध्ये पडून असलेली गाडी बाहेर काढली आहे. वसमतकडच्या साखर कारखान्याचं आवार हंगाम नसताना रिकामं असतं, तिथे जुन्या गाड्यांचे शौकीन फेऱ्या मारतात. मीही मारते, हेल्मेट घालून. काय बोलायचं ते बोला. पण दुसऱ्याच फेरीत तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा. म्हणून गेल्या रविवारी पत्रेकाम करणाऱ्याला बोलावून म्हटलं, आमच्या वडिलांचा पराक्रम आधी बुजवून द्या. तो गाडीखाली शिरला, रॉकेलनं काजळी पुसली आणि तिथूनच म्हणाला, "मॅडम, भोकं कुठायत? कुणीतरी लई मन लावून बुजवलीत की."

प्रत्येक भोकावर ठिगळ होतं, ग्लुकोज पावडरच्या डब्याचं. डब्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. आणि पत्र्याच्या कडेनं, फटीतून हवा येऊ नये म्हणून, एनिमाची लाल रबरी नळी उभी चिरून बसवलेली. हे काम डॉक्टराशिवाय कोण करणार? रबर आता कडक होऊन गळून पडलं होतं, म्हणून गाडी तापत होती. मी तिथेच जमिनीवर बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग संताप आला. म्हणजे माझं पटलं होतं तुम्हाला. पटून, बुजवून, वर गावभर भोकांची बढाई.

नवं रबर बसवलं. आज फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, काटा जागचा हलला नाही. हळदीच्या एका आडत्याची लांबलचक गाडी वळणावर मागे टाकली. त्यानं हॉर्न वाजवला, मीही वाजवला.

हे पत्र टाकायचं कुठे? पाकीट गाडीच्या पुढच्या डिकीत ठेवते आहे. एक मात्र कबूल करते. गाडी थांबवल्यावर मी इंजिनाच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावली, तुम्ही पेशंटच्या कपाळाला लावायचात तशी, आणि तोंडातून तुमच्याच सुरात निघालं, "ताप न्हाई."

तरीही तक्रार कायम आहे. दसऱ्याला दुपारी चार वाजता तिथे शर्यत आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवं. एक ओळ पुरे: पोरीचं बरोबर होतं. खाली सही, आणि तुमच्या चिठ्ठ्यांसारखी नको, वाचता येईल अशी.